गप्पीच्या टाकीतला सुरीमासा

मागच्या एका भाषणात आम्ही गप्पी आणि मोली पाळण्याबद्दल बोललो होतो. त्यानंतर दोन-तीन गटांतून एकच प्रश्न आला. शहरातला दुकानदार म्हणतो, "ताई, गप्पीबरोबर एक नाईफ मासा पण न्या, टाकीला शोभा येते, गिऱ्हाईक थांबून बघतं." तो घ्यावा का? आज त्याच माशाबद्दल बोलू. पण आधी आमच्याच एका गटात या माशाने काय केलं ते सांगतो. ज्यांच्या घरी घडलं त्या ताईंना विचारूनच सांगतोय. त्या म्हणाल्या, "सांगा, पण तुम्ही माझ्यावर संशय घेतला होता तेही सांगा." तर तेही सांगणार आहोत.

या ताईंनी गटातून दहा हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं होतं, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. पडवीत काचेच्या चार टाक्या, हवेचा एक पंप, आणि गप्पीच्या जोड्या. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, त्यामुळे चार महिन्यांत चाळिसाचे दीडशे झाले. तालुक्याच्या गावी एका दुकानात माल जायला लागला. आम्ही दुसऱ्या गटांना त्यांचं उदाहरण द्यायला लागलो.

मग एका बैठकीत ताई म्हणाल्या, या महिन्याचा हप्ता निम्माच देते, मासे कमी झालेत. मेलेत का? नाही, एकही मेलेला दिसला नाही. चोरीला गेले? कुणी गप्पी चोरील कशाला! दर रात्री पाच-सहा कमी होत होते आणि टाकीत एक खवलासुद्धा सापडत नव्हता. आता गटातल्या बायकांचं तुम्हाला माहीतच आहे. एकजण म्हणाली मांजर असेल. दुसरी हळूच म्हणाली, मासे विकले असतील आणि पैसे दाखवत नसतील. आणि मैत्रिणींनो, आम्ही, ज्यांनी ताईंच्या बाजूने उभं राहायचं, त्यांनी वहीत लिहिलं: "स्टॉक जुळत नाही, खुलासा घ्यावा." ते वाक्य आजही त्या वहीत आहे.

खुलासा केला ताईंच्या सासूबाईंनी. रात्री लाइट गेली होती, त्या बॅटरी घेऊन पाण्याला उठल्या, आणि त्यांना टाकीत दिसलं की मुलाने दीड महिन्यापूर्वी शहरातून आणलेला तो तीन बोटांएवढा चपटा मासा आता वीतभर झालाय आणि त्याच्या तोंडातून गप्पीची शेपूट बाहेर आलीय. दिवसा हा मासा दगडामागे गप्प पडून असायचा. सगळे म्हणायचे, गरीब आहे बिचारा.

तर हा मासा कोण? दुकानात त्याला क्लाउन नाईफ म्हणतात, म्हणजे ठिपकेवाला सुरीमासा. तो मूळचा आपल्याकडचा नाही. थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम या देशांतून मेकाँग नावाची मोठी नदी वाहते, तिथला आणि थायलंडमधल्या चाओ फ्राया नदीचा. त्याचा सख्खा चुलतभाऊ मात्र भारतातलाच आहे, चितल. तो गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदीच्या पाण्यात राहतो, आणि उत्तर प्रदेशाचा तो राज्यमासा आहे. बंगालमधल्या बायका चितलच्या पाठीकडचं मांस चमच्याने खरवडून काढतात, कारण त्यात काटे फार, आणि त्याचे मुठीत वळून गोळे करून रस्सा करतात. आपल्या मेथीच्या मुटक्यांसारखंच, मुठीवरूनच नाव पडलेलं. खाण्यासाठी आणि हौसेसाठी फार पकडल्यामुळे चितल कमी व्हायला लागला, म्हणून लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची पिल्लं तयार करण्याची पद्धत बसवली.

ओळखायला सोपा. अंग सुरीच्या पात्यासारखं चपटं, मानेपाशी पोक आलेलं. पाठीवर पिसासारखा एक इवलासा पर, आणि पोटाखालून निघून थेट शेपटीला मिळणारी एकच लांब झालर. ही झालर लाटेसारखी हलवून तो पुढे जातो आणि तशीच उलटी हलवून मागे. मागे जाणारा मासा बघायला खरंच मजा येते, मुलाला भुरळ पडली त्यात नवल नाही. लहानपणी अंगावर काळसर पट्टे असतात. वाढताना ते जातात आणि दोन्ही कुशींवर पांढऱ्या कडेचे काळे ठिपके येतात, डोळे वटारल्यासारखे. तोंडाची फट डोळ्याच्याही मागेपर्यंत जाते. त्या तोंडात जे मावेल ते त्याचं खाणं, ही एवढी गोष्ट दुकानदाराने सांगितली असती तर ताईंचे शंभरावर गप्पी वाचले असते.

दुसरी न सांगितलेली गोष्ट वाढीची. हा मासा नदीत मीटरभर होतो. घरच्या टाकीतसुद्धा पहिल्या वर्षात फूटभर आणि पुढे दोन-सव्वादोन फूट होतो, आणि चांगला ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. "टाकी लहान असली की मासा लहानच राहतो" असं विकणारे म्हणतात. मासा तेवढ्यावर थांबत नाही. पाठ वाकडी होते, नाक काचेला घासून सोलतं, आणि मग तो मरतो. लोक म्हणतात, आयुष्य तेवढंच होतं.

आता टाकीचा हिशेब करू. आपल्याला हिशेबाची सवय आहे. एक घनफूट पाणी म्हणजे सुमारे २८ लिटर. ताईंची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे ५६ लिटर. या माशाला कमीत कमी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी लागते, म्हणजे ६८० लिटर. लिटरला किलो धरा. काच आणि स्टँड धरून आठशे किलोच्या पुढे वजन एका जागी. माळवदाच्या घरात किंवा जुन्या लाकडी पाटणीवर हे ठेवायचं धाडस कुणी करू नका. आणि ही टाकीसुद्धा पुरी वाढ झालेल्या माशाला अरुंदच. दोन फुटांच्या माशाला दोन फुटांत वळायचं म्हणजे आपण न्हाणीत गाडी वळवण्यासारखं आहे.

पाण्याचं नीट ऐका, कारण इथे मासे जास्त मरतात आणि कारण कळत नाही. मांस खाणाऱ्या माशाची घाण जास्त. त्यातून अमोनिया तयार होतो, तो माशाला विष. टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू चांगले जिवाणू बसतात, ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्यामानाने सोसवतं. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आज टाकी आणली, आज भरली, आज मासा सोडला, असं करायचं नाही. घाई असेल तर कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये घालायचा. विरजणच ते. आणि स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात. आमच्या एका मैत्रिणीने तो नळाखाली साबणाने स्वच्छ धुतला होता. तिचं घर फार टापटीप असतं. तिसऱ्या दिवशी मासे वर तरंगले.

नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते, त्यातलं क्लोरीन मासे आणि ते जिवाणू दोन्ही मारतं. पाणी पसरट भांड्यात रात्रभर उघडं ठेवायचं, पंप लावला तर आणखी बरं, किंवा दुकानातले हायपोचे खडे सांगितलेल्या मापाने घालायचे. दर आठवड्याला चौथा भाग पाणी बदलायचं. ६८० लिटरचा चौथा भाग म्हणजे १७० लिटर, म्हणजे दहा-अकरा हंडे. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तिथे हे पाणी कुठून आणणार, हा प्रश्न मासा घेण्याआधी घरात विचारायचा. काढलेलं पाणी वाया जात नाही, परसातल्या वांग्या-टोमॅटोला ते उत्तम खत आहे, पण आणावं तर लागतंच.

या माशाची एक गंमत आहे, आणि तिच्यात धोकाही आहे. कल्ल्यांशिवाय तो हवासुद्धा घेतो. पोटातली हवेची पिशवी त्याला फुप्फुसासारखी चालते, म्हणून तो मधूनच वर येऊन एक घोट हवा घेतो आणि झटकन खाली जातो. घाबरू नका, तो आजारी नसतो. यामुळे लाइट गेली, पंप बंद पडला, तरी दुसरे मासे तडफडतात तेव्हा हा टिकतो. पण टाकी काठोकाठ भरून वर घट्ट काच ठेवली तर त्याला हवाच मिळत नाही आणि मासा चक्क पाण्यात बुडून मरूही शकतो. म्हणून झाकणाखाली तीन-चार बोटं जागा मोकळी ठेवायची. झाकण मात्र हवंच, आणि त्यावर वजनही हवं, कारण दचकला की हा उडी मारतो. अंधारात एकदम दिवा लावला तरी दचकतो.

त्याला लपायला जागा लागते. दुकानात महागडी लाकडं मिळतात, ती नकोत. शेतातल्या पाइपलाइनचा सहा इंची पीव्हीसीचा तुकडा, कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेला, त्याला बंगल्यासारखा. मासा वाढला की मोठा पाइप. तळाला बारीक, धुतलेली वाळू. उजेड मंद. थंडीत पाणी २४ ते २८ अंश लागतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री काय गारठा असतो ते सांगायला नको, म्हणजे हीटर आला. हा मासा हीटरला टेकून बसतो आणि भाजतो, म्हणून हीटरभोवती भोकं पाडलेला पाइप बसवायचा. विजेचं म्हणाल तर २५ वॅटचा फिल्टर रात्रंदिवस चालला की महिन्याला १८ युनिट. तीनशे वॅटचा हीटर निम्मा वेळ चालला तर दिवसालाच साडेतीन युनिटच्या वर. बिल कुणाच्या नावाने येतं, तेही बघा.

खाणं. पुष्कळ लोक याला जिवंत छोटे मासे घालतात, बघायला मौज वाटते म्हणून. आम्हाला ते पटत नाही, आणि केवळ दयेपोटी नाही. बाजारातल्या स्वस्त माशांबरोबर रोग टाकीत येतात. शिवाय गोल्डफिशसारख्या काही माशांच्या अंगात असा एक पदार्थ असतो की तेच रोज खाल्ले तर याच्या शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. त्यापेक्षा सोललेली कोळंबी, काटे काढलेले माशाचे तुकडे, नदीतले झिंगे द्यायचे. रात्री दिवा मालवल्यावर चिमट्याने पुढे धरायचं. आधी दोन-चार दिवस तो तोंड लावणार नाही. लाड करायचे नाहीत, उरलेलं तासाभरात काढून टाकायचं, नाहीतर पाणी सडतं. पिल्लाला रोज थोडं, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. गांडुळं फार आवडतात. आपल्या पुष्कळ गटांकडे गांडूळखताचे बेड आहेत, पण त्यातली लाल गांडुळं अंगातून उग्र द्रव सोडतात आणि काही मासे ती थुंकून टाकतात. धुऊन, थोडी घालून बघायची. मटणाची चरबी नको, त्याला पचत नाही. आणि सुकट-बोंबील नको, त्यात मीठ असतं. हे मुद्दाम सांगतो, कारण ताईंच्या सासूबाईंनी मायेने सुकट घातली होती.

सोबतीला लहान मासा ठेवायचाच नाही. जातभाईसुद्धा नको, ते भांडतात. एकटा बरा राहतो.

आता परत त्या रात्रीकडे येऊ. मासा सापडला, ताई सुटल्या. पुढच्या बैठकीत आम्ही उभं राहून माफी मागितली. मग प्रश्न, या माशाचं करायचं काय? मुलगा रडायला लागला. एकीने सुचवलं, कॅनॉलला सोडून द्या, पुण्य लागेल. आमचं गाव उजनीच्या बॅकवॉटरला लागून आहे, कॅनॉल काय, धरणाचं पाणीच मागे आहे. तेव्हा गटातल्या एक भोई समाजाच्या आजी कधी नव्हे त्या तावातावाने बोलल्या. म्हणाल्या, "आधीच जाळ्यात निम्मी चिलापी. वर तो खरखरीत सकर येतो, जाळं फाडतो, खायच्या कामाचा नाही. तोही कुणीतरी हौसेनंच टाकीत आणला होता ना? आता तुम्ही हा राक्षस सोडा."

आजींचं म्हणणं किती खरं होतं ते आम्हाला नंतर वाचून कळलं. फिलिपिन्स नावाच्या देशात लागूना दे बाय हे तिथलं सगळ्यात मोठं तळं आहे. त्यात मच्छीमार चिलापी आणि दुसरे मासे जाळ्यांचे कुंपण करून पाळतात. तिथे हाच ठिपकेवाला सुरीमासा शोभेसाठी आणलेला होता. सप्टेंबर २००९ मध्ये मोठं वादळ आलं, पूर आला, आणि त्या पुरात हौसेच्या माशांच्या तळ्या-टाक्यांतून तो तळ्यात गेला असं मानतात. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याने पाळलेल्या माशांची पिल्लं फस्त करायला सुरुवात केली. या माशात नर अंड्यांजवळ पहारा देतो, पराने वारा घालतो, जवळ येईल त्याच्यावर धावून जातो, म्हणून पिल्लं जगतात पुष्कळ. सरकारला मच्छीमारांना किलोमागे पैसे देऊन तो पकडवून घ्यावा लागला. काट्यांमुळे कुणी विकत घेईना, तेव्हा तिथल्या बायकांना त्याचं मांस खरवडून गोळे आणि नगेट करायला शिकवलं. बंगालच्या बायका हेच किती पिढ्या करतायत! पण आपण मैत्रिणींनो, आधी संकट सोडून मग त्यावर गृहउद्योग काढायची गरज नाही.

म्हणून मासा कॅनॉलला, ओढ्याला, विहिरीत, गणपतीच्या तळ्यात, कुठेही सोडायचा नाही. नको झाला तर दुकानदाराला परत द्यायचा, मोठी टाकी असलेल्याला द्यायचा, नाहीतर खायचा. होय, खायचा. आजींचा तोच सल्ला होता आणि मुलगा तेव्हा आणखी रडला.

शेवटी ताईंच्या घरच्यांनी वेगळंच केलं. गोठ्याशेजारी पत्र्याखाली सिमेंटची टाकी बांधली, आठ फूट बाय चार फूट, दोन फूट पाणी, म्हणजे साधारण अठराशे लिटर. काचेपेक्षा पुष्कळ स्वस्त पडली, कारण मिस्त्री घरचाच, ताईंचे दीर. नव्या सिमेंटमधून चुना उतरतो, तो माशाला मारतो, म्हणून केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून पाणी भरायचं, आठवड्याने उपसायचं, असं तीन वेळा केलं. वर जाळीचं झाकण, त्यावर दोन विटा. गटातून यासाठी एक रुपया दिला नाही, तेही ठरावात लिहिलं. हौस घरच्या पैशाने, धंदा गटाच्या पैशाने.

आणि धंदा करायचा असेल तर गप्पी, मोली, प्लॅटी यांचाच करा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागच्या शोभिवंत मासे संगोपनाच्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला आहे आणि त्यात महिलांना ६० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान आहे. उरलेले १ लाख २० हजार आपले किंवा बँकेचे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन यंदा अर्ज घेतायत का ते विचारा, जाताना एकटीने जाऊ नका, तिघी-चौघी जा. आणि पिल्लं विकत घेताना दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: हा वाढून केवढा होतो, आणि खातो काय. तो हसून विषय बदलायला लागला तर पिशवी खाली ठेवायची.

ताईंच्या कर्जाचे चार हप्ते राहिलेत. गप्पी परत सव्वाशेच्या आसपास आहेत, मोजणी दर बैठकीच्या आदल्या दिवशी दोन सभासद जाऊन करतात. ताईंनीच तसं मागून घेतलं. सुरीमासा आता दीड फुटाचा झालाय. मुलगा बारावीला आहे, त्याला वेळ नसतो. कोळंबी घालायचं काम सासूबाईंकडे आलंय, रात्रीची मालिका संपली की त्या बॅटरी घेऊन गोठ्याकडे जातात. त्यांची चाहूल लागली की मासा पाइपातून उलटा बाहेर येतो, शेपटीकडून.

पुढच्या बुधवारी याच वेळी भेटू. नमस्कार.